तानाबाईनं जपलेला अंगठा

नाचणगावात तानाबाईच्या दारावरून जाताना माणसं चपला हातात घेत असतील, तर नवल नाही. कुणी रिकामा दिसला की ती काम लावते! मग पोटची काजल कशी सुटेल? कॉलेजातून आली की भांडी, भांडी झाली की झाडू.

त्याच तानाबाईनं दिवाळीनंतर पोरीला पाण्याचा गिलासही उचलू दिला नाही, तेव्हा अख्ख्या गल्लीच्या पोटात दुखू लागलं.

"काऊन वो, पोरीले पाळण्यात घालून राह्यली का?" शेजारच्या शकुंतलाबाईंनी टोमणा मारलाच.

"अंगठा जपून राह्यली तिचा."

काजल पुलगावच्या आयटीआयत फिटर शिकते. कानशीनं लोखंड घासघासून सपाट करायचं, हा रोजचा अभ्यास. शिष्यवृत्ती मंजूर झाली; पण ती खात्यात यायला सेतू केंद्राच्या यंत्रावर अंगठा उमटायला हवा, आणि लोखंडासोबत अंगठ्याच्या रेषाही घासून गेलेल्या. "हाताले आराम दे, मंग येजो," केंद्रातला मुकेश म्हणाला, "पण सोमवार शेवटचा." शिष्यवृत्ती हुकली की दुसरं वर्ष हुकलं, तानाबाईच्या मजुरीत घर चालतं, फी नाही.

"आराम देऊ तं प्रॅक्टिकलात नापास होईन न माय!" काजल रडकुंडीला आली.

तानाबाई दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेली. बोंडांची टोकं बोचू नयेत म्हणून बोटांना चिंध्या बांधता बांधता तिचा हात थबकला. संध्याकाळी तिनं जुनं लुगडं टराटरा फाडलं आणि काजलच्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली.

"पोरं हासतीन न!" काजल कुरकुरली.

"हासू दे. त्यायचे दात दिसतीन, तुया अंगठा वाचन."

सरांनी मशीनवर चिंधी नको म्हणून बजावलं, हातकामाला मात्र मान डोलावली. पोरं हसली, पोटभर हसली. मग त्यांच्यातल्याच एकानं हळूच विचारलं, "काजल, अजून एखादी चिंधी हाये का?"

सोमवारी यंत्रानं आधी लाल दिवा दाखवला. तानाबाईनं पदरानं अंगठा पुसला, फुंकर घातली, असं काही डोळे वटारून यंत्राकडे पाहिलं, की बिचारं हिरवं झालं.

"उमटला वो मावशी!" मुकेश ओरडला.

तानाबाईनं पोरीला घेऊन घर गाठलं. दारात पोचल्यावर म्हणाली, "चाल, भांडे पडले हायेत."

काजल हसत मोरीकडे वळली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. चिंधी बांधून घासजो."