कैचीताईंनी कापलेली चांगली वायर

कैचीताईंच्या टेबलावर एक कॉम्प्युटर, दोन-तीन टॅबलेट आणि शिवणकामाची एक भली मोठी लोखंडी कैची असायची. ऑफिसातली एखादी यूएसबी वायर खराब आहे असं ठरलं, की ताई ती उचलायच्या, कैचीनं मधोमध कापायच्या आणि दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. वायर कुणाची, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती. एकदा त्यांनी आमच्या सरांची, म्हणजे कंपनीच्या मालकांची, नवी कोरी पांढरी वायर त्यांच्यादेखत कापली. सर ओरडले, "अहो मॅडम, चार्जिंग तरी होत होतं तिच्यावर!" ताई म्हणाल्या, "म्हनूनच तं कापली."

टॅबलेटवर चालणारी अ‍ॅप्स ज्यांनी बनवली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगते. काही स्वस्त वायरींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा बनवणाऱ्यानं पैसे वाचवायला गाळलेल्या असतात. बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. तुम्ही टॅबलेट कॉम्प्युटरला जोडता, टॅबलेटवर चार्जिंगची खूण येते, तुम्ही खूश होता, आणि कॉम्प्युटरला तो टॅबलेट काही केल्या दिसत नाही. मग माणूस सेटिंग धुंडाळतो, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, स्वतःच्या अकलेवर शंका घेतो, आणि अख्खा दिवस पाण्यात जातो. असली वायर विकणाऱ्याला भर चौकात उभं करायला हवं, असं माझं आजही मत आहे. ताईंचं म्हणणं जास्त सरळ होतं. "पुरी मेलेली वायर बरी, थे कोनाले फसवत नाही. हे अर्धी जित्ती वायर मानसाले दिवसभर खपवते. आन कापली नाही, तं कोनी ना कोनी थे पुन्हा लावतेच."

मी मूळची तेल्हाऱ्याची. अमरावतीत कापडाच्या दुकानावरच्या त्या ऑफिसात नोकरीला लागले, तेव्हा ताई पन्नाशीकडे झुकल्या होत्या. माहेर भातकुलीचं, पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्स केलेलं, आणि कैची शिवणकाम करणाऱ्या आईची. फोन उचलताना आधी "जय भीम" आणि लगेच, "बोला, कोनती वायर लावली होती तुमी?" पहिल्याच दिवशी माझा टॅबलेट जोडला जाईना, म्हणून मी त्याच्या पोर्टमध्ये फुंकर मारली. मागून आवाज आला, "फुकून काय राहिली वं? चूल हाय का थे?" ताईंनी टॅबलेट हिसकावला, दात कोरायच्या काडीनं पोर्टमधून कापसाचा चिमूटभर पुंजका बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. आमच्या घरी तेव्हा पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता आणि मी टॅबलेट त्याच्यावरच टाकून झोपत असे. "तेल्हाऱ्याची ना तू? आनला संग कापूस," एवढं बोलून त्या स्वतःच्या जागेवर गेल्या.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा म्हणजे शिकवणं कमी आणि खडसावणं जास्त. पण तिच्यात एक शिस्त होती, आणि ती शिस्त आजही माझ्या हाताला आहे. आधी वायर बदलायची. मग पोर्ट पाहायचं. मग टॅबलेट नुसता चार्ज होतो आहे की माहिती द्यायला तयार आहे, ते पाहायचं. मग कॉम्प्युटर. आपण लिहिलेल्या कोडकडे त्यानंतर वळायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकदा घाईघाईत वायरही बदलली, सेटिंगही बदललं आणि टॅबलेट बंद करून चालूही केला. जोडणी झाली. मी टाळी वाजवली. ताई म्हणाल्या, "कायच्यानं झालं?" मला सांगता येईना. "मंग झालंच नाही थे. तोड सगळं, पुन्हा कर." मी रडकुंडीला आले, पण त्यांनी सगळं पुन्हा करायला लावलं.

नवा टॅबलेट पहिल्यांदा कॉम्प्युटरला जोडला, की पडद्यावर प्रश्न येतो, या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का. आम्ही न वाचता हो दाबायचो. ताई चष्मा लावून दर वेळी तो पूर्ण वाचायच्या. "मशीन इचारून तं राहिली बिचारी. मानसं थेही नाही इचारत," असं म्हणून मग हो दाबायच्या.

ऑफिसात त्यांच्याविषयी एक वाक्य ठरलेलं होतं, "काम चांगलं आहे, पण स्वभाव!" मला या वाक्याची चीड आहे. सर फोनवर लोकांची आईबहीण काढायचे, तेव्हा ते कडक होते. ताईंनी चुकीला चूक म्हटलं, की त्यांचा स्वभाव निघायचा. ज्यांच्या चुका ताईंनी निस्तरल्या, तेच चहाच्या टपरीवर हे वाक्य बोलायचे. मी तेव्हा त्यांच्याशी भांडत असे आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नसे.

मग ते मोठं काम समोर आलं, आधी थोड्या नर्सवर चाचणी आणि ती पसंत पडली तरच पक्कं होणारं. एका संस्थेला अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या आडबाजूच्या गावांतल्या नर्सना टॅबलेट द्यायचे होते. टॅबलेटला वायरनं एक छोटं यंत्र जोडायचं, ते गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचं, आणि पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला किती पडतात तो आकडा पडद्यावर यायचा. यंत्र बाहेरून येणार होतं, अ‍ॅप आमचं. त्या आकड्यावरून नर्स ठरवणार, की बाईला घरी सोडायचं की गाडी बोलावून परतवाड्याच्या दवाखान्यात धाडायचं. ताईंनी हे काम मन लावून केलं. त्या भर उन्हात टॅबलेट ऑफिसच्या गच्चीवर नेऊन ठेवायच्या, तो तापला की यंत्राची वीज तोडतो का ते बघायच्या. बॅटरी उतरली की काय होतं, वायर नुसती हलली की काय होतं, सगळं पाहायच्या. आणि जोडणी तुटली रे तुटली, की आकडा पुसला जाऊन पडदाभर लाल पट्टी येईल, अशी सोय त्यांनी केली. पट्टीवर त्यांनीच वाक्य लिहिलं होतं, "यंत्र जोडलेलं नाही. आकडा नाही. आधी वायर बदला."

चाचणीतल्या नर्सच्या प्रशिक्षणातही त्या कैची घेऊन गेल्या. कोणती वायर नुसती यंत्राचा दिवा लावते आणि आकडा आणत नाही, हे त्यांनी प्रत्येकीला करून दाखवलं आणि ती वायर तिच्याच हातानं कापायला लावली. नर्स हसत होत्या, पण कापत होत्या.

सरांना ती लाल पट्टी खुपत होती. प्रशिक्षणात ती सारखी यायची, कारण नर्स घरच्या चार्जरच्या वायरी लावायच्या. सर म्हणाले, "लोकांना वाटतं आपलं अ‍ॅपच बिघडलं. जोडणी तुटली तर शेवटचा आकडा तसाच राहू द्या ना, चांगलं दिसतं." ताई म्हणाल्या, "चांगलं दिसायले थे काय लग्नाची पत्रिका हाय? मांगच्या बाईचा आकडा पुढच्या बाईले दाखवू का मी?" सर फोन कानाला लावून निघून गेले. आम्हाला वाटलं, विषय संपला.

संस्थेच्या प्रमुख बाईंना दाखवायला आम्ही अकोल्याला निघालो. गाडीत सर पुढे, ताई आणि मी मागे. मूर्तिजापूरच्या अलीकडे ताईंनी सवयीनं टॅबलेट काढला, यंत्र जोडून बाळाच्या ठोक्यांची नक्कल करणाऱ्या पेटीवर ठेवलं, आकडा आल्यावर वायर उपसली. लाल पट्टी आली नाही. आकडा जागच्या जागी राहिला, शेजारचं हृदयाचं छोटं चित्रही लुकलुकत राहिलं. सरांनी आदल्या दिवशी स्वतः बसून पट्टी काढून टाकली होती. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "आज फक्त दाखवायचं आहे मॅडम. काम मिळू द्या, मग टाकू परत." "आत्ताच टाका थे," असं म्हणून ताईंनी टॅबलेट त्यांच्यापुढे धरला, तर सरांनी गाडीतला रेडिओ मोठा केला. ताईंनी टॅबलेट पुसून पिशवीत ठेवला.

अकोल्याच्या त्या थंडगार हॉलमध्ये टॅबलेटचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. ठोक्यांच्या त्याच पेटीवर यंत्र ठेवलं होतं. भिंतीवर एकशे बेचाळीस आकडा आला. सर अर्धा तास बोलले. प्रमुख बाई मान डोलावत होत्या. शेवटी सर म्हणाले, "आमच्या मॅडमना काही सांगायचं असेल तर." ताई उठल्या, पिशवीतून कैची काढली आणि यंत्राची वायर कापली.

भिंतीवर एकशे बेचाळीस तसंच होतं. हृदय लुकलुकत होतं. टेबलावर वायरचं एक टोक इकडे, एक टोक तिकडे. ताई प्रमुख बाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मले एक सांगा. आता हे कोनाचे ठोके हायेत?"

सर हसण्याचा प्रयत्न करत होते. ताईंनी सगळं सांगितलं. पट्टी काय होती, ती कशी गेली, तापलेला टॅबलेट जोडणी कसा सोडतो, नर्सला ते कसं कळणार नाही. आवाज चढला होता, कैची अजून हातातच होती. प्रमुख बाई एवढंच म्हणाल्या, की पट्टी परत टाका, मग पुढचं बोलू.

परतताना सरांनी ताईंना गाडीत घेतलं नाही. मीही उतरले. आम्ही दोघी एसटीनं अमरावतीला आलो. ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं नोकरीचा विचार चालू असेल. मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाल्या, "चांगली वायर होती वं थे. पयल्यांदा चांगली वायर कापली म्या." आणि पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन गेला, की उद्यापासून यायची गरज नाही.

पट्टी परत आली. काम आम्हालाच मिळालं. आणि पहिले टॅबलेट वाटायच्या कार्यक्रमात सरांनी माइक हातात घेऊन सांगितलं, की आमचं अ‍ॅप खोटा आकडा कधीच दाखवत नाही, जोडणी तुटली की लाल पट्टी येते, हीच आमची खासियत! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंचं नाव नाही, बोलावणं नाही. मी मागच्या रांगेत बसून दात-ओठ खात होते. त्या टाळ्या आठवल्या की माझं डोकं आजही फिरतं, आणि तो राग विसरायची मला अजिबात इच्छा नाही. चार जणांनी नंतर म्हटलं, "ताईंचंही चुकलंच थोडं, बाजूला घेऊन सांगायचं होतं." गाडीत बाजूलाच तर बसल्या होत्या त्या!

मी ती कंपनी सोडली, पण टॅबलेटच्या देखभालीचं काम संस्थेनं माझ्याकडेच ठेवलं. परवा त्यासाठी सेमाडोहला गेले होते. तिथली नर्स प्रशिक्षणातली ओळखीची निघाली. दोन बायका तपासणीला आल्या होत्या. पहिलीचा आकडा नीट आला, ती घरी गेली. मधल्या वेळात नर्सनं टॅबलेट चार्जिंगला लावला. परत यंत्र जोडताना तिच्या हाती फळीवरची दुसरीच वायर आली. यंत्राचा दिवा लागला, आणि पडदा लाल झाला.

मी पुढे होणार, तेवढ्यात तिनं वायर बदलली. आकडा आला, आणि तो फार कमी होता. तिनं यंत्र थोडं सरकवून पुन्हा पाहिलं. तेवढाच. तिनं गाडी बोलावली, बाईला धीर दिला, नवऱ्याला कपडे आणायला पिटाळलं. गाडी परतवाड्याकडे निघाली, तेव्हा कुठे ती आत येऊन बसली. मग तिनं टेबलाच्या खणातून कैची काढली, ती खोटी वायर मधोमध कापली आणि तुकडे डब्यात टाकले. मला म्हणाली, "असूच द्याची नाई. कोनी ना कोनी थे पुन्हा लावतेच."

पट्टी नसती, तर त्या पडद्यावर पहिल्या बाईच्या बाळाचे ठोके लुकलुकत राहिले असते, आणि दुसरी बाई घरी गेली असती. तो माणूस माइकवर भाषण करतो आणि ताई भातकुलीला घरी बसून शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेतात, हे मला तिथे बसून सहन होईना.

परतताना परतवाड्याच्या दवाखान्यात डोकावले आणि तिथून ताईंना फोन लावला. लेकरू वाचल्याचं मला तोवर कळलं होतं, मुलगी झाली होती. मी सगळं भडाभडा सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "दुसरी वायर लावून पायली होती ना तिनं आधी? मंग कापली ना?"

"हो ताई."

"मंग बरोबर." मग ताईंनी नाक ओढलं आणि विचारलं, "तुह्या सरले सांगतलं का हे?"

"नाही अजून."

"सांगू नको. भाषनात टाकतीन थे."