लाल बिल्ल्याचे ससे

सत्तरच्या दशकात मी कामरगावच्या माळावर सशांच्या कानांना लाल बिल्ले लावत हिंडत होते. जाळ्यात ससा सापडला की कानाला नंबराचा बिल्ला लावायचा आणि सोडून द्यायचा. पुढच्या खेपेला सापडलेल्यांत बिल्ल्याचे किती, बिनबिल्ल्याचे किती, यावरून माळावर एकूण ससे किती आणि वर्षभरात जगतात किती, याचा अंदाज निघे. त्यासाठी आमच्या सरांनी विद्यापीठातल्या संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला होता. मी नोंदी पाठवायची. सर त्यांची भोकं पाडलेली कार्डं करून त्या खोलीएवढ्या यंत्राला चारायचे.

पहिल्या वर्षाचं उत्तर आलं, तर ससे फारच कमी मरत होते. कोल्हे, गरुड, गावची कुत्री असलेल्या माळावर! "प्रोग्रॅममध्येच घोळ आहे," म्हणत सरांनी ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना.

त्याच आठवड्यात घरमालक काकांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी झणझणीत रस्सा वाढला. "कोंबडी छान शिजलीय," मी म्हटलं.

"कोंबडी नाही, ससा हाय," काका म्हणाले. माझा घास हातातच राहिला. ते पाहून त्यांनी घाईनं समजावलं, "भेऊ नका बाई, तुमचा नाही. फाशात लाल बिल्लेवाला आला, का आमी त्याले सोडून देतो."

"काहून?" माझ्याही तोंडी त्यांचाच शब्द आला.

"सरकारी हाय ना तो! उद्या कोणी पुसलं तं? सारं गावच असं करून राह्यलं."

ताटावरून कशी उठले, आठवत नाही. प्रोग्रॅम बरोबर होता. आम्ही त्याला दाखवलेले ससे फाशात मरतच नव्हते. मरत होते ते दुसरे.

सकाळी पोस्टातून सरांना ट्रंककॉल लावला. काकांचं बोलणं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "नव्या सशांना बिल्ला नको. कानाच्या आत शाईनं नंबर गोंदव. बाहेरून दिसता कामा नये."

"म्हणजे ते मारले जावेत म्हणून, सर?"

"बाकीचे जसे जगतात, तसेच तेही जगावेत म्हणून." एवढं बोलणं झालं आणि लाइन तुटली.

मी गोंदलं. पुढच्या वर्षी सरांनी दोन्ही गटांची कार्डं वेगवेगळी चालवली. बिल्लेवाले जगले होते. गोंदलेल्यांतले फारच थोडे उरले होते. फरक असणार हे मला ठाऊक होतं. पण तो इतका असेल, याची कल्पना नव्हती. कागद हातात धरून मी खोलीच्या उंबऱ्यावरच बसले.

काकांना सांगायला गेले तेव्हा ते ओसरीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता तसाच राहिला.

"इतके कमी झाले? मले तं वाटे, माळ भरून हायेत. रोज दिसून राह्यले ना."

"दिसतात ते बिल्ल्याचेच, काका."

त्यांनी त्यानंतर फासे लावले नाहीत. गावातल्या बाकीच्यांनी लावले.