संसर्गाविना दिवस

यमदूत जरी आले, तरी आमचे आप्पा त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवून आधी कोपरापर्यंत हात धुवायला लावतील, याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका नव्हती. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. शिरूर आणि दौंडच्या मधल्या आमच्या गावातून ते वर्षानुवर्षं कंपनीच्या बसने रांजणगावला गेले आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या पोटात एक नळी बसवली. तिच्यातून दिवसाला चार वेळा पिशवीभर औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं आणि शरीरातली घाण घेऊन ते बाहेर काढायचं. हे घरच्या घरी करायचं डायलिसिस. आप्पांनी त्याची कंपनी केली.

चार पिशव्यांना त्यांनी फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि जनरल शिफ्ट अशी नावं दिली. सत्यनारायणाची कथा ऐन रंगात असताना ते "सेकंड शिफ्ट" एवढंच म्हणून पाटावरून उठून गेले. खोलीत पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. सरपंच तब्येत विचारायला आले, तर त्यांच्या हातात आधी साबण दिला. "आप्पा, निवडणुकीत एवढं हात जोडलं न्हाईत, जेवढं तुमच्या दारात चोळलं," सरपंच म्हणाले. "जोडलेल्या हातालाच लई जंतू असत्यात," आप्पा म्हणाले. बाहेर काढलेलं पाणी ते पिशवीसकट वर्तमानपत्रावर ठेवत. पिशवीतून मथळा वाचता आला की पाणी स्वच्छ, माल पास. आणि कंपनीत 'अपघाताविना दिवस' असा फलक असतो, तसा त्यांनी दारावर 'संसर्गाविना दिवस' असा फलक लावला होता. रोज सकाळी खडूने आकडा एकाने वाढायचा. पिशव्या, मास्क, साबण यांची यादी माझ्याकडे असे, आणि खरं सांगायचं तर एवढा शिस्तीचा माणूस घरात असल्याचं मला बरंच वाटे.

सवलत होती ती एकट्या मनीला. पिशवी गरम करायला ठेवली की ही मांजरी त्या उबेला जाऊन बसायची. "आप्पा, हिचे हात कोण धुतं?" मी एकदा विचारलं. "ती सोताच चाटती. तुमच्यापरीस सवच्छ हाय."

फलक तीनशे ब्याण्णववर होता. चारशेला पेढे वाटायचं ठरलं होतं. मी साबण द्यायला गेले, तर आप्पा पोट धरून अंथरुणावर वाकडे पडलेले. शेजारच्या पिशवीत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. खालच्या वर्तमानपत्रातलं एक अक्षर दिसत नव्हतं.

"कधीपासून?"

"परवापास्नं."

"आणि आकडा तसाच वाढवताय?"

"शून्य लिवायचं म्हंजी..." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आठच दिस ऱ्हायलं हुतं, सूनबाई."

पुण्याच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद पाहून पहिला प्रश्न केला, "घरात मांजर आहे का?" हा जंतू मांजराच्या तोंडातला, माणसाच्या पोटात क्वचितच सापडणारा. पिशवीच्या नळीला दाताएवढं बारीक भोक निघालं. पहिल्याच दिवशी आला असतात तर पोटातली नळी बहुधा वाचली असती, असं डॉक्टर हळूच म्हणाले. औषधं चालली, पण पाणी निवळलं नाही. शेवटी नळी काढावी लागली, आणि आतून पोट इतकं चिकटलं होतं की पुन्हा बसवण्याचा प्रश्नच उरला नाही. आप्पा मांजरीला एका शब्दाने बोलले नाहीत.

आता आठवड्यातून तीनदा मी त्यांना दौंडच्या दवाखान्यात, रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर घेऊन जाते. पहिल्या दिवशी त्यांनी मशीन वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बटणं मोजली, मागे वाकून वायरी पाहिल्या.

"ह्याचा ऑपरेटर कोण?"

"मी आहे ना आजोबा," सिस्टर म्हणाली. "तुम्ही फक्त पडून राहायचं. काहीच करायचं नाही."

आप्पांनी हात पुढे केला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.