ईशान्येचा कोपरा

कुठल्याही नव्या जागी पाऊल ठेवलं की काका उजव्या पायाची टाच दोनदा जमिनीवर आपटत. मग मान हलवून म्हणत, "बांधायला हरकत नाही." प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये, विमानतळावर, आमच्या दिवाणखान्यातल्या नव्या कार्पेटवरसुद्धा. सिव्हिल इंजिनिअर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, टाच मात्र अजून नोकरीवर होती. माझ्या मुलीनं तिचा अमेरिकन मित्र घरी आणला, तेव्हा काकांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारून तोच निकाल दिला. ती हसत म्हणाली, "काका, ही इज नॉट अ बिल्डिंग!"

असे काका तुमच्याही मराठी मंडळात असतील. सगळ्या कामांत पुढे, आणि त्यांना नाही म्हणायची कुणाची टाप नाही. आमच्या मंडळानं हॉलसाठी सोयाबीनचं शेत विकत घेतलं तेव्हा बांधकाम समितीचे अध्यक्ष काका आणि सेक्रेटरी मी, हे न बोलता ठरलं.

परवानगीला एक अट होती. बांधकामाआधी पुरातत्त्ववाले येऊन शेतात जागोजागी चर खणणार, खाली जुनं काही आहे का ते बघणार. तोवर आम्ही माती हलवायची नाही.

"सोयाबीनच्या शेतात काय सापडणार?" काका भडकले. "सोयाबीन!"

त्यातच गुरुजींनी भूमिपूजनाचा मुहूर्त काढला, तो नेमका चाचणीच्या आधीचा. मी म्हटलं, "काका, पोस्टपोन करू या का?"

"अगं, हातभर खड्ड्याला कुणी खोदकाम म्हणतं का? मुहूर्त काय त्यांच्या कॅलेंडरवर चालतो?"

खड्डा ईशान्येला हवा. शेताच्या त्या कोपऱ्यात जुन्या मालकानं कधी नांगर घातलाच नव्हता. दोन झाडं, झुडपं, माजलेलं गवत. "आळशी माणूस," म्हणत काकांनी स्वतः झुडपं छाटली. गवतात एक चपटा दगड उभा रोवलेला होता, गुडघ्याच्याही खाली येणारा. तो त्यांनी पहारीनं उपटला आणि तिथंच खड्डा केला. तांब्याचा कलश, सुपारी, हळकुंड, नाणी आत गेली. नारळ त्याच दगडावर फोडला. काकांनी टाच आपटली, आणि पैठणीखाली स्पोर्ट्स शूज घातलेल्या आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. दगड काकांनी शुभ म्हणून घरी नेला आणि हळदकुंकू लावून तुळशीच्या कुंडीशी ठेवला.

मग पुरातत्त्ववाले आले. त्यांची प्रमुख एक तरुण मुलगी होती, पायात चिखलाचे बूट. यंत्रानं वरची माती पातळ पातळ खरवडत ते शेतभर फिरले. मधल्या भागात काहीच निघालं नाही. काकांचा मला लगेच फोन, "सोयाबीन!" दोन दिवसांनी तिनं आम्हाला ईशान्येला बोलावलं.

खरवडलेल्या मातीत लांबट गडद डाग ओळीनं दिसत होते. माणसाच्या लांबीचे. दोन फारच लहान होते, आणि त्यांतल्या एकात आमचा कलश होता.

"इज धिस युवर्स?" तिनं विचारलं. आवाज जराही चढवला नाही. हे डाग कबरींचे आहेत, ती म्हणाली. बहुधा या शेतावर राबणाऱ्या गुलामांच्या. त्यांना नाव कोरलेला दगड कोण देणार? घरची माणसं शेतातलाच एखादा दगड आणून उभा करायची.

"वॉज देअर अ स्टोन?"

आमचे खजिनदार मागून पुटपुटले, "काका, सांगू नका. प्रोजेक्ट कॅन्सल होईल. कुणी बघितलंय?" आणि क्षणभर मलाही वाटलं, काकांनी ऐकावं त्यांचं. लिहितानासुद्धा लाज वाटते.

काका त्या लहान डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येस. आय पुल्ड इट आउट." आणि माझ्याकडे न बघता, हळूच, "नारळ फोडला गं आपण त्याच्यावर."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दारातच काकू म्हणाल्या, "दुपारपासून घासतायत." मागच्या अंगणात काका नळाखाली दगड धूत बसले होते. कुंकवाचा रंग दगडात मुरला होता, निघत नव्हता.

"काका, आपल्याला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत व्हावं म्हणूनच ती माणसं येणार होती ना? मलाच तेवढं थांबता आलं नाही." ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, "आणि त्या मालकाला मी आळशी म्हणालो. त्यानं राखला होता गं तो कोपरा."

समितीपुढे त्यांनी सगळं स्वतः सांगितलं आणि अध्यक्षपद सोडलं. आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही. आम्हाला तर सुटल्यासारखं वाटलं, जणू लाज तेवढी त्यांची होती.

हॉल झाला. नकाशा बदलून, दक्षिणेला सरकवून, थोडा लहान. कोपऱ्याला लाकडी कुंपण आहे आणि दगड त्याच्या जागी परत उभा आहे. नीट पाहिलं तर अजून लालसर दिसतो.

वास्तुशांतीच्या दिवशी सगळे काकांच्या टाचेची वाट बघत होते. ते आत नव्हते. मी शोधत बाहेर गेले. कुंपणाशी त्यांचे बूट काढून ठेवलेले होते. काका आत दगडाकडे निघाले होते, घरात मूल झोपलेलं असताना चालावं तसे, दोन्ही टाचा उचलून.