आजोबांच्या रिळाची मूठ

मुलांनो, आजोबांचं मासेमारीचं रीळ तुम्हाला पाठवायचं ठरलं, म्हणून मी ते तेलपाण्यासाठी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांकडे दिलं. ते आजोबांबरोबर वरळीच्या खडकांवर गळ टाकून बसत, आणि दोघांची रिळं एकाच जातीची. या माणसाच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असतो. बोलता बोलता तुमच्या चष्म्याची काडीसुद्धा घट्ट करून देतील, न विचारता.

रीळ परत आलं ते काळी प्लास्टिकची मूठ लावून. आजोबांच्या अंगठ्याने खळगा पडलेली लाकडी मूठ गायब!

"वहिनी, अपग्रेड केलंय. आतली चाकं माझ्या दुसऱ्या रिळातली टाकली, ब्रेक नवा. मॉडेल सेम, सगळं बसतं."

"आणि लाकडी मूठ?"

"ती बाद होती हो. काढलेला पार्ट दुरुस्त करणाऱ्याचा, आमच्यात रीतच आहे."

कसली मेली रीत! रविवारी ते गळ घेऊन निघाले, तर तीच मूठ त्यांच्या रिळावर. मी जिन्यातच अडवलं.

"बाद मूठ तुमच्याकडे काय करते आहे?"

"हाताला छान बसते, वहिनी."

"ती ज्या हाताला बसली होती, तो हात माझ्या घरातला होता. काढा."

तिथेच पायरीवर बसून त्यांनी ती काढली आणि मी घरातून आणून दिलेल्या आजोबांच्या रिळाला लावली. मग उठता उठता विचारलं, "मग ही काळी मी ठेवू?"

रीळ पाठवते आहे. मूठ आजोबांची आहे, एवढी खात्री मी देते. आतलं काय कोणाचं, ते मला विचारू नका.