विलायतेची सोयरीक

आमच्या मालकांचा कुणाशीही सौदा पक्का झाला, की ते पागोटं उतरवून मांडीवर ठेवत, टकलावरून दोनदा हात फिरवत आणि म्हणत, "झाली सोयरीक. आता इचारपूस बंद."

आता ते नाहीत, म्हणून मोकळेपणी लिहितो. अमरावतीच्या कापूसबाजारात त्यांच्याइतका भला माणूस मी पाहिला नाही, आणि इतका हट्टीही. मी पुण्याहून पोटासाठी वऱ्हाडात गेलेला कारकून. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पंत, एवढे वाळले काहून तुमी? पुण्यात जेवाले भेटत नाही का?" मला भयंकर राग आला. महिन्याभरात कळलं, की या माणसाचं प्रेम असंच बोलतं. दुपारी माझं ताट वाढल्याशिवाय ते स्वतः घास घेत नसत.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या. कालपर्यंत ज्याला कुत्रंही विचारत नव्हतं तोही व्यापारी झाला. गाठीत सरकी, माती, पाणी, वाटेल ते जाऊ लागलं. मालक मात्र अंगणात बायका बसवून कापसातली काडी न् काडी वेचून घेत. गाठीवर त्यांचा पेरणीच्या तिफणीचा ठसा दिसला, की मुंबईचे दलाल ती उघडूनही पाहत नसत.

लिव्हरपूलच्या एका पेढीचा साहेब अकोल्यात वखार घालून बसला होता. त्याने भागीदारीची गोष्ट काढली. कापूस मालकांनी द्यायचा, गाठी बांधून साहेबाने धाडायच्या, तिकडे पेढीने विकायचा, आणि ठसा तिफणीचाच. मालक हरखून गेले. आपली तिफण समुद्रापार जाणार! त्यांनी मडमेसाठी लुगडं-नारळ नेला आणि पितळी ठसा खणात गुंडाळून दोन्ही हातांनी साहेबाच्या हातावर ठेवला.

करारात एक कलम होतं. मालकांनी वाटेल तेव्हा वखारीत यावं, गाठी उघडून पाहाव्यात. मी ते वाचून दाखवलं तर मालक लाजले.

"हे खोडा, पंत."

"अहो, हे आपल्याच फायद्याचं आहे."

"व्याह्याच्या घरी जाऊन चुलीवरलं मडकं उघडून पाहाचं का आपन? शोभते का ते? खोडा म्हंतो ना!"

साहेबाने तत्परतेने टाक पुढे केला. मी खोडलं. वऱ्हाडात राहून मीही तितकाच वेडा झालो होतो, दुसरं काय.

दोन हंगाम गेले. मग विलायतेच्या एका गिरणीवाल्याचं पत्र आलं आणि सोबत पुडीत बांधलेला चिमूटभर कापूस. तिफणीच्या गाठीत हल्ली हा असला माल निघतो, पुन्हा घेणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. मी मराठीत सांगत गेलो. मालकांनी कापूस चिमटीत धरून ओढला, तशी माती त्यांच्या धोतरावर सांडली.

"हा माहा कापूस नोहे," ते म्हणाले. मग पुन्हा, मलाच विचारल्यासारखं, "नोहे ना, पंत?"

आम्ही तडक अकोला गाठलं. वखारीत कुणाकुणाचा कापूस पडला होता. एक माणूस त्यावर घागरीने पाणी शिंपडत होता आणि दुसरा बांधलेल्या गाठींवर आमची तिफण उमटवत होता. साहेब मुळीच गडबडला नाही. त्याने खुर्ची दिली आणि हिंदुस्थानीत शांतपणे म्हणाला, "सेठजी, आपने तो कभी पूछा ही नहीं."

मालक कडाडून भांडतील असं मला वाटलं होतं. ते फक्त उठले. त्या माणसाच्या हातातून ठसा घेतला, ओल्या रंगासकट उपरण्यात बांधला आणि बाहेर आले. तेजी भरात असताना आमचा विलायतेचा बाजार तिथेच संपला. ते कलम मी खोडायला नको होतं.

गाव मागे पडल्यावर ते गाडीवानाला म्हणाले, "हिवरखेडले घे."

अमरावती एकीकडे, हिवरखेड दुसरीकडे. मी विचारलं, "तिकडे काय?"

"माही पोरगी देल्ली हाये तिथं. सात वर्सं झाले. सनावाराले लुगडं धाडतो. पन बरी हायेस का म्हून इचारलं नाही, पंत. कदीच नाही."

त्यांना मुलगी आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

हिवरखेडात गाडी दारापुढे थांबली. शेणाने भरलेल्या हातांनीच ती बाहेर आली आणि वाकून पाया पडली. फार रोड होती. मागे उंबऱ्यात सासू, नवरा, दीर, सगळे येऊन उभे राहिले. मालक खाली उतरले आणि त्या सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "बरी हायेस ना, बाई?"

तिने बापाकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहिलं.

"बाबा, गाडीत जागा हाये का?"

मी खाली उतरलो.