हुतात्म्याची भूमिका

श्रावणातला शेवटचा रविवार. तालीम मंडळाच्या हॉलमध्ये हजर: अध्यक्ष, पडदे रंगवणारे काका, तालमीतली पोरं, कामांची यादी घेऊन मी आणि दाराशी उभे फौजी. गणपतीतल्या सजीव देखाव्याचा विषय: सीमेवरच्या चौकीची लढाई.

फौजी निवृत्तीनंतर आमच्या गल्लीत टायरचं दुकान चालवतात. कधी बसलेले दिसत नाहीत. शेजाऱ्यांनाही ‘पावणं’ म्हणतात आणि सीमेवरच्या लढाईबद्दल विचारलं की ‘थंडी लई हुती’ एवढंच सांगतात. हुतात्म्याची भूमिका सगळ्या पोरांना हवी होती. मान म्हणून मी ती फौजींना दिली.

"न्हाय जमायचं, वहिनी."

"खऱ्या गोळ्यांम्होरं उभारलासा आणि फटाक्याला भ्यालासा व्हय?" अध्यक्ष हसले.

"तवा आई बघत न्हवती," फौजी म्हणाले. "हितं रोज म्होरं येऊन बसणार."

फौजींनी देखाव्यासाठी आणलेलं स्ट्रेचर उघडलं, कापड ताणून पाहिलं.

"उचलून न्यायला मी हाय की."

मी त्यांचं नाव खोडलं आणि पोरांना विचारलं, "मग कोण मरणार?" मघाशी भांडणारी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्याही आया रोज देखावा बघायला येतात.

बाकी सगळी कामं वाटून झाली आहेत. हुतात्मा अजून ठरायचा आहे.